कॅम्परव्हॅनच्या सहलीत घरचं खाणं सीमेपार नेताना: कोल्हापुरातून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

कॅम्परव्हॅन (झोपण्या-शिजवण्याची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन आठ-दहा दिवस ऑस्ट्रेलियात फिरायचं, वाटेत शिजवून खायचं, असा बेत करणारी कुटुंबं जेवणाच्या सामानापाशी हमखास अडकतात. तांदूळ, डाळी, फराळ आणि डंकावर कुटलेली वर्षाची चटणी (म्हणजे कांदा-लसूण मसाला) भरून बॅग तयार होते आणि विमानतळावर निम्मी रिकामी होते. "विकायला थोडीच नेतोय, खायला नेतोय" हे तिथे कुणी ऐकत नाही. कस्टम्सच्या करापुरता त्याला अर्थ असेल, जैवसुरक्षेच्या, म्हणजे बाहेरचे किडे-रोग रोखण्याच्या नियमांत बंदी असलेल्या मालाला खायला आहे म्हणून सूट मिळत नाही.

नियम इतके कडक का, हे कळलं की कुठली वस्तू चालेल याचा अंदाज स्वतःलाच येऊ लागतो. मुख्य भीती तीन गोष्टींची.

खपरा भुंगेरा हा आपल्याच उपखंडातला साठवणीचा किडा आहे. त्याची अळी काहीही न खाता वर्षानुवर्षं फटीत दबा धरून राहू शकते, म्हणून वरून स्वच्छ दिसणाऱ्या डाळीवर ते विश्वास ठेवत नाहीत. दुसरा जनावरांचा लाळ्या-खुरकूत. ऑस्ट्रेलियात त्याची शेवटची साथ १८७२ साली आली होती, आपल्याकडे तो गावोगाव माहीत आहे. दुधा-मांसावरची बंदी त्यामुळेच. तिसरी माती आणि बिया, आणि त्या खाण्यापेक्षा बुटांतून आणि तंबूतून जास्त जातात.

एका ओळीत सांगायचं तर घरून चव न्या, धान्य नेऊ नका.

टप्पा १: आधी मार्ग, मग जेवणाचा बेत (निघण्याच्या पाच-सहा आठवडे आधी)

बहुतेक जण आधी सामान काढतात आणि नियम नंतर बघतात. क्रम उलटा हवा. गाडी कुठल्या शहरात ताब्यात घेणार, किती राज्यं ओलांडणार, पुढे न्यूझीलंड जोडलं आहे का, हे आधी कागदावर लिहा. राज्यांच्या सीमांवरही तपासणी असते, त्याबद्दल टप्पा ८ मध्ये.

मग रोजचं जेवण लिहा आणि प्रत्येक जिन्नसापुढे "इथून" किंवा "तिथून" अशी खूण करा. जे तिथल्या दुकानात मिळतं ते इथून न्यायचं नाही, एवढा साधा नियम पाळला तरी यादी पाव होते. तांदूळ, तूरडाळ, पोहे, रवा, कणीक, ज्वारीचं पीठ, तूप हे सगळं तिथल्या भारतीय किराणा दुकानांत मिळतं. सिडनीत हॅरिस पार्क आणि मेलबर्नजवळ डँडेनाँग हे भाग त्यासाठीच ओळखले जातात. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला मात्र हवा तसा मिळेलच असं नाही. बॅगेतली जागा आणि तपासणीतला वेळ त्याच्यासाठी ठेवा.

"इथून" खूण केलेला प्रत्येक जिन्नस ऑस्ट्रेलिया सरकारच्या बायकॉन या ऑनलाइन नोंदीत शोधा. आयातीच्या अटी तिथे वस्तूनुसार दिलेल्या असतात. एकदा आता बघा, पुन्हा निघायच्या आठवड्यात बघा. साथ आली की अटी बदलतात, आणि नातेवाईक "गेल्या वर्षी आम्ही नेलं होतं" म्हणाले याला काही अर्थ नाही.

टप्पा २: तीन ढीग करा

*पहिला ढीग, घरीच ठेवायचा.*

तांदूळ कोणताही, मग तो आजऱ्याचा घनसाळ का असेना. तूर, मूग, मसूर, हरभरा, चवळी, सोयाबीन, कच्चे शेंगदाणे, अख्खे धणे, जिरे, बडीशेप, वाळलेल्या मिरच्या. ही खपरा भुंगेऱ्याची आवडती ठिकाणं आहेत आणि प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे. पाव किलो असलं तरी बंदीच.

पेढे, बर्फी, गुलाबजाम, खव्याचं काहीही, दूध पावडर. सुकं मटण, व्हॅक्यूम पॅक केलेलं असलं तरी. अंडी. ताजी फळं, भाज्या, हिरव्या मिरच्या, लिंबं, विड्याची पानं. कढीपत्ता ताजा असो वा वाळवलेला, नकोच, कारण तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे आणि त्या बागांचे रोग त्याच्यासोबत जातात.

*दुसरा ढीग, सीलबंद असेल तर न्यायचा.*

चहापत्ती, भाजलेली कॉफी, बिस्किटं, चॉकलेट, गोळ्या. भाजलेले-खारवलेले शेंगदाणे. कारखान्यात बाटलीबंद केलेलं लोणचं. तेलावर भाजून कारखान्यात पॅक केलेला कांदा-लसूण मसाला.

भडंग (मसाला लावलेले चुरमुरे) इथे मोडतो, पण अटीवर. खपरा भुंगेऱ्याच्या बंदीतून सवलत आहे ती भाजलेल्या, तळलेल्या किंवा फुलवलेल्या मालाला, आणि तोही कारखान्यात तयार होऊन तिथेच पॅक झालेला हवा. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. जयसिंगपूरचा भडंग छापील, सीलबंद पाकिटात असेल तर यादीत धरा. तोच भडंग दुकानदाराने पारदर्शक पिशवीत भरून वर स्टेपलर मारून दिला असेल तर सोडून द्या. घरी केलेली चकली तळलेली असते हे खरं, पण ती कारखान्यातली नाही. दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी फराळाचा डबा घरीच संपवून निघावं. बेसनाच्या लाडवात तर हरभरा आणि तूप दोन्ही येतात.

*तिसरा ढीग, वादाचा.*

गूळ, काकवी, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, सुंठ, आयुर्वेदिक चूर्णं, रेडी-टू-ईट पाकिटं. आमचं मत: भाजणी आणि मेतकूट नको, त्यात धान्य-डाळींचं पीठ असतं आणि घरगुती असेल तर बाजू मांडायला काहीच उरत नाही. गुळाची ढेप नको, तिच्यात उसाचं चिपाड अडकलेलं असतं. छापील पाकिटातली गूळ पावडर न्या आणि जाहीर करा. बाकीचं बायकॉनवर बघूनच ठरवा.

> सावध: दुधाच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवते ती "इन्स्टंट चहा"ची पाकिटं. त्यात दूध पावडर असते. रेडी-टू-ईट पाकिटांतही लोणी, साय किंवा पनीर असू शकतं. पाकिटाची पुढची बाजू सोडा, मागची घटकांची यादी वाचा.

टप्पा ३: खरेदी आणि पाकिटं (दोन आठवडे आधी)

अधिकाऱ्याला मराठी येत नाही आणि "घरचा मसाला" म्हणजे काय हे त्याला माहीत असायचं कारण नाही. त्याला पाकीट बघून अर्ध्या मिनिटात कळायला हवं की आत काय आहे, कुणी केलं, कधी केलं. म्हणून पाकिटावर या गोष्टी असल्याशिवाय घेऊ नका:

- इंग्रजीत नाव आणि घटकांची यादी
- उत्पादकाचा पत्ता आणि चौदा आकडी एफएसएसएआय (भारतातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक
- बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख
- कारखान्यातच बंद केलेली कड

परवाना क्रमांक तिकडे कुणी तपासत नाही. पण ज्या पाकिटावर तो असतो त्यावर बाकीची माहितीही नीट छापलेली असते.

मोठं एक पाकीट नेण्यापेक्षा छोटी दोन-तीन न्या. शंका आली तर एक फोडून बघतील, बाकीची वाचतील. चार जणांना दहा दिवसांसाठी कांदा-लसूण मसाला ४०० ग्रॅम (२०० ग्रॅमची दोन), गोडा मसाला १०० ग्रॅम, चहापत्ती २५० ग्रॅम, लोणच्याची एक लहान बाटली पुरते. याहून जास्त नेणारे निम्मं परत आणतात.

आणि हे प्रत्येक घरात होतं म्हणून सांगतो: पाकिटातला मसाला काढून आवडत्या स्टीलच्या डब्यात भरू नका. पाकीट फुटलं की कारखान्याची ओळख संपली.

> तपासा: प्रत्येक पाकीट उजेडात धरा. जाळं, भुसा, बारीक भोकं, हालचाल. किडा एकच असला तरी शेजारचं सगळं सामान संशयात येतं.

टप्पा ४: तंबू, बूट, भांडी (एक आठवडा आधी)

खाण्याचं सगळं बरोबर करून लोक बुटांवर अडकतात. पन्हाळ्याची लाल माती किंवा नदीकाठची काळी माती तळव्याच्या खाचांत वाळून बसलेली असते आणि घरात ती कुणाला दिसतही नाही.

१. बूट कोरडे असताना ताठ ब्रशने झटका. खाचांतली माती दातकोरणीने किंवा जुन्या टूथब्रशने काढा. मग साबणाच्या पाण्याने धुवा. क्रम उलटा केला तर चिखल होऊन आणखी आत जातो.

२. तंबू पूर्ण उघडून उलटा करा. कोपऱ्यांच्या शिवणी, चेनची पट्टी, खुंट्यांची पिशवी. गवताची कुसळं वेल्क्रोत अडकतात, ती चिमट्यानेच निघतात.

३. दोन दिवस उन्हात वाळवा. ओलसर तंबू गुंडाळला तर बुरशी येते आणि तो उघडून बघितला जातोच.

४. सुटकेसची चाकं विसरू नका. अंगणातून, गोठ्याच्या बाजूने ओढत आणलेली सुटकेस म्हणजे मातीचा नमुनाच.

कोल्हापुरी चपला नेणार असाल तर नव्या न्या. वापरलेल्या चपलेच्या शिवणीत आणि थरांत बसलेली माती धुऊन निघत नाही, चपलाच खराब होतात.

लाकडी पोळपाट-लाटणं न्यायचं तर भोकं, साल, भुकटी नाही ना ते बघा आणि जाहीर करा. आम्ही म्हणू, नेऊच नका, तिथल्या रिकाम्या बाटलीने पोळी लाटता येते. कुकर नेलात तर झाकणाची रबरी रिंग काढून खालची वाळलेली डाळ खरवडा.

> सावध: कॅम्पिंगच्या गॅसच्या डब्या विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, रिकाम्या वाटल्या तरी. लायटर, काडेपेटी, चूलपेटवणीचे गोळे हेही काढा. कॅम्परव्हॅनमध्ये गॅस असतो.

टप्पा ५: भरणे आणि यादी (आदल्या दिवशी)

सगळं खाणं एकाच पिशवीत, ती पिशवी एकाच चेक-इन बॅगेत, बॅगेत सगळ्यात वर. चार बॅगांत "थोडं थोडं" वाटून ठेवलं की तपासणीत चारही उघडतात, आणि कुणाच्या बॅगेत काय आहे हे त्यालाच सांगता येत नाही. तंबू आणि बूट दुसऱ्या बॅगेत, पण तेही वरच.

हाताच्या पिशवीत लोणचं, चटणी, तूप असलं काही नको. पातळ पदार्थाला १०० मिलीची मर्यादा लागते आणि लोणचं मुंबईतच जाईल. सुक्या खोबऱ्याची वाटी तर चेक-इनमध्येही ठेवू नका. तेलाच्या प्रमाणामुळे ती भारतातल्या विमानतळांवरच अडवली जाते.

उजळाईवाडीहून (कोल्हापूरच्या विमानतळावरून) मुंबई गाठणार असाल तर वजन आधीच मोजा. देशांतर्गत उड्डाणात चेक-इनला बहुधा १५ किलोच मिळतात, आंतरराष्ट्रीय तिकिटावर जास्त. काउंटरवर बॅग उघडून सामान इकडचं तिकडे केलं की वर सांगितलेली मांडणी मोडते.

आता यादी. कागदावर इंग्रजीत, छापून, दोन प्रती. वस्तू, पाकिटं किती, वजन किती, कुठल्या बॅगेत. शेवटी वेगळ्या ओळीत: वापरलेला तंबू, वापरलेले बूट, लाकडी वस्तू. एक प्रत खिशात, एक खाण्याच्या पिशवीत.

टप्पा ६: विमानात, कार्ड भरताना

उतरण्याआधी प्रवासी कार्ड मिळतं, काही उड्डाणांवर ते मोबाईलवर भरायचं असतं. चुका इथेच होतात, कारण सगळे झोपेत असतात आणि एक जण चौघांची कार्डं घाईने भरतो. प्रत्येकाने आपलं कार्ड वाचून सही करावी.

खाण्याच्या प्रश्नांना "हो". बिस्किटं असली तरी "हो", शंका असली तरी "हो". मातीच्या आणि गोड्या पाण्यात वापरलेल्या साहित्याच्या प्रश्नालाही, तंबू-बूट असतील तर, "हो".

आणखी एक प्रश्न आपल्याकडच्या लोकांना हमखास चकवतो: गेल्या ३० दिवसांत शेत, जनावरं, रानवट जागा यांच्याशी संबंध आला का? करवीर, कागल, राधानगरीकडच्या घरांत गोठा दारात असतो. रोज धार काढणाऱ्याला "फार्म" म्हणजे आपला गोठा हे सुचतच नाही. त्याचं उत्तर "हो" आहे. त्याने कुणी परत पाठवत नाही. बूट-कपडे बघतात, गरज वाटली तर तळवे धुऊन देतात.

"हो" म्हटलं की सगळं काढून घेतील ही भीती उलटी आहे. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर ती जाते, दंड होत नाही. न जाहीर केलेली वस्तू सापडली तर ती जाते आणि वर दंड. जागेवरच्या दंडाची कमाल मर्यादा २० दंड-युनिटांची आहे. नोव्हेंबर २०२४ पासून एक युनिट ३३० ऑस्ट्रेलियन डॉलरचं झालं, म्हणजे ६,६०० डॉलरपर्यंत. प्रकरण गंभीर असेल तर व्हिसाही रद्द होऊ शकतो.

> तपासा: विमानात मिळालेलं सफरचंद, सँडविच, दह्याची वाटी, मधल्या विमानतळावर मुलांसाठी घेतलेलं केळं. खाऊन टाका किंवा सीटवरच ठेवा. बॅकपॅकच्या बाजूच्या कप्प्यात हात घालून बघा, विसरलेलं फळ तिथेच असतं.

टप्पा ७: विमानतळावर

पासपोर्ट झाला, बॅगा आल्या. तपासणीपूर्वी टाकून देण्यासाठी खास पेट्या असतात. मन बदललं तर ती शेवटची जागा, तिथे टाकल्याला काही लागत नाही.

अधिकाऱ्याला कार्ड आणि यादी एकत्र द्या. इंग्रजी अडखळत असेल तरी हरकत नाही: "ऑल फूड इन धिस बॅग. धिस इज द लिस्ट. टेंट अँड शूज आर क्लीन." एवढं पुरतं. स्वतःहून पिशव्या उपसायला लागू नका, उघडायला सांगितल्यावर उघडा. वास घेऊन तपासणारा श्वान शेजारी येऊन बसला तर बॅग मागे ओढू नका.

एखादं पाकीट नाकारलं तर हुज्जत घालू नका. प्रक्रिया करून घेणं किंवा परत पाठवणं हे पर्याय कधीकधी देतात, पण खर्च तुमचा. दोनशे ग्रॅम चटणीसाठी तो करण्यात काही हशील नाही, सोडून द्या.

टप्पा ८: तिथली खरेदी, आणि राज्यांच्या सीमा

गाडी ताब्यात घेतली की पहिला थांबा भारतीय किराणा, दुसरा सुपरमार्केट. चार जणांना दहा दिवस, दिवसाला एक भाताचं आणि एक पोळीचं जेवण धरून: तांदूळ ३ ते ४ किलो, कणीक ३ किलो, तूरडाळ १ किलो, मूगडाळ अर्धा किलो, पोहे १ किलो, तेल १ लिटर. फळं-भाज्या मात्र दोन-तीन दिवसांपुरत्याच घ्या, कारण इथे दुसरा सापळा आहे.

फळमाशीमुळे राज्यांच्या सीमांवर फळं-भाज्या अडवतात. पूर्वेकडून स्टर्ट हायवेने दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना यांबा इथे, पश्चिमेकडून येताना सेडूना इथे तपासणी नाका आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना युक्लापाशी गाडीचा फ्रिज उघडून बघतात आणि तिथे मधही काढून घेतात. सुपरमार्केटची पावती दाखवून उपयोग होत नाही. टास्मानियालाही फळं-भाज्या नेता येत नाहीत.

नाक्याच्या आदल्या मुक्कामी जे आहे ते शिजवून संपवा आणि पुढची खरेदी नाका ओलांडल्यावर करा. उन्हाळ्यात "टोटल फायर बॅन" जाहीर झालेल्या दिवशी उघडी चूल, कोळसा बंद असतो, त्या दिवसाचा बेत गाडीतल्या शेगडीवरचा ठेवा.

टप्पा ९: पुढे न्यूझीलंड असेल तर, आणि परतताना

न्यूझीलंडसाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून. ऑस्ट्रेलियाने सोडलं म्हणजे तिथेही चालेल असं नाही. प्रवासी घोषणापत्र ऑनलाइन आणि फुकट भरता येतं, प्रवास सुरू होण्याच्या आधीच्या २४ तासांत. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. मध नेऊ नका, ऑस्ट्रेलियात विकत घेतलेला असला तरी. धोक्याची वस्तू जाहीर केली नाही तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर. आठ दिवस वापरलेले बूट-तंबू आता पुन्हा मळलेले असतील, म्हणून ब्रश सामानात ठेवाच आणि शेवटच्या कॅम्पसाइटवर नळाखाली टप्पा ४ पुन्हा करा.

भारतात परतताना चॉकलेट, बिस्किटं, भाजलेले मॅकाडेमिया आणा. बिया, रोपं, कलमं, वाळवलेलं मांस आणू नका. आणि उरलेली चटणीची फोडलेली पाकिटं परतीच्या बॅगेत कपड्यांवर सांडतात, ती तिथल्याच कॅम्पसाइटच्या सामाईक स्वयंपाकघरात ठेवून या. दुसरं कुणीतरी आवडीने वापरेल.